मद्रासहून करंडक नेणारे प्राध्यापक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा प्रथम मनात संकोचच उत्पन्न झाला. तंजावरच्या स्मरणिकेत सरफोजी महाराजांवर, सरस्वती महालावर, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेखावर किंवा राजा सर टी. माधवराव यांच्यावर लिहावयाचे, तर त्याचा अधिकार येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या कुटुंबांचा. मी केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीने या गावी आलेला माणूस. तेव्हा माझ्या आवडीच्या आणि तरीही या तमिळ भूमीशी संबंध असलेल्या एका मराठी पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे ठरविले. ते म्हणजे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

हा विषय सुचण्यास आमच्या कचेरीतील एक तमिळ सहकारी कारण झाले. क्रिकेटचे वेड असलेल्या या गृहस्थांनी एके दिवशी दुपारच्या कॉफीच्या वेळी मला विचारले की, तमिळनाडूने रणजी करंडक दोन वेळा जिंकला, १९५४-५५ साली मद्रास या नावाने आणि १९८७-८८ साली तमिळनाडू या नावाने. तुमच्या महाराष्ट्राने तो कधी जिंकला? मुंबईचे नाव सांगू नका, असेही त्यांनी बजावले. ही अट योग्यच होती. रणजी करंडकात मुंबई आणि महाराष्ट्र हे प्रारंभापासून दोन निराळे संघ. पुणे हे महाराष्ट्र संघाचे केंद्र, आणि मुंबईच्या यशाशी त्याचा काही संबंध नाही. मी उत्तर दिले की, महाराष्ट्रानेही तो दोनदाच जिंकला आहे, १९३९-४० साली आणि १९४०-४१ साली. आणि दुसऱ्या वेळी तो तुमच्या मद्रासमध्ये येऊन, चेपॉकच्या मैदानावर, मद्रासच्याच संघाकडून नेला. गृहस्थ काही वेळ कॉफी ढवळीत राहिले. मग त्या संघाचा कर्णधार कोण, असे त्यांनी विचारले. संस्कृतचे एक प्राध्यापक, वय वर्षे एकूणपन्नास, असे मी सांगितल्यावर त्यांना ती थट्टा वाटली.

देवधरांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. आजच्या पंचांगाप्रमाणे हा बहुधा मकरसंक्रांतीचा, म्हणजे आपल्या या गावी पोंगलचा दिवस. त्या काळचे पुणे हे क्रिकेटचेही गाव होते. लष्करी छावणीतील युरोपियनांचा जिमखाना होता, हिंदूंचा होता. पारशी आणि हिंदू तरुण गोऱ्या साहेबांचा खेळ शिकून त्यांच्याशीच दोन हात करू पाहत होते. पाळवणकर बाळू हे अद्वितीय डावखुरे गोलंदाज याच पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता मोठे झाले. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या या माणसाने हिंदू संघाला विजय मिळवून दिले, आणि चहाच्या वेळी मात्र त्याला निराळ्या भांड्यातून चहा मिळे. ही हकीकत सर्वश्रुत आहे. देवधरांच्या तरुणपणीचे क्रिकेट असे होते. संघ धर्मावरून पडत. मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने चालत. १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. देवधरांनी १९११ साली हिंदू संघातून प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

खेळून पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. देवधर पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेत, संस्कृत शिकवीत. उपजीविका अध्यापनाची, आणि क्रिकेट उरलेल्या वेळातले. वर्गातील तास संपवून मैदानावर जावयाचे, आणि सामना असला की रजेचा हिशेब करावयाचा. मी स्वतः बी. ए. ला संस्कृत घेतले होते. त्या विषयाचा अभ्यास माणसाला किती बैठा बनवितो हे अनुभवाने जाणतो. त्यामुळे या गृहस्थांनी तो विषयही शिकवावा आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर दिवसभर उन्हात फलंदाजीही करावी, याचे मला आजही नवल वाटते.

त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला तो १९२६ साली. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी त्यांची गोलंदाजी झोडपून १५३ धावा काढल्या, ही गोष्ट क्रिकेटप्रेमी माणसांना पाठ असते. पुढे त्याच महिन्यात, डिसेंबरमध्ये, त्याच मुंबईत अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या, ही मात्र तितक्यांना ठाऊक नसते. नायडूंची खेळी षटकारांची असल्यामुळे लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली. देवधरांच्या खेळीचे मोल वेगळे होते. संघ हिंदूंचा किंवा पारशांचा नसून साऱ्या देशाचा होता, समोर इंग्लंडहून आलेले कसोटी खेळाडू होते, आणि त्यांच्यासमोर एका देशी माणसाने शतक ठोकले होते. या दौऱ्यामुळे गिलिगन यांची अशी खात्री पटली की येथील खेळाडू कसोटीच्या योग्यतेचे आहेत. त्यांच्या उत्तेजनानेच १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, आणि १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताने आपला पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला.

त्या सामन्यात देवधर नव्हते. ज्यांच्या खेळीने हे दार उघडण्यास हातभार लावला, त्यांना त्या दारातून आत जाता आले नाही. कर्णधार नायडू छत्तीस वर्षांचे होते. देवधर चाळीस वर्षांचे. चाळिशीतला माणूस परदेशच्या दौऱ्यावर नेऊन काय करावयाचे, असा तो हिशेब होता. पुढील वर्षी इंग्लंडचा संघ इकडे आला, १९३६ साली आपला संघ पुन्हा तिकडे गेला, आणि दर वेळी देवधरांचे वय वाढलेलेच होते. ते एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला यात फार ओळखीचे काहीतरी वाटते. अर्जातील सर्व रकाने बरोबर भरलेले असावेत आणि वयोमर्यादेच्या एकाच रकान्यावर कागद परत यावा, असे किती जणांचे झालेले मी पाहिले आहे. नियम करणाऱ्यांचा दोष म्हणावा, तर तसेही नसते. चाळिशीतले बहुसंख्य खेळाडू खरोखरच थकलेले असतात. देवधर त्या बहुसंख्यांपैकी नव्हते, एवढेच.

येथे मद्रासच्याच एका खेळाडूची आठवण होते. १९३४ सालच्या नोव्हेंबरात रणजी करंडकाचा अगदी पहिला सामना चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यामध्ये झाला. पहिला चेंडू टाकला एम. जे. गोपालन यांनी. हे गोपालन क्रिकेटइतकेच हॉकीतही निष्णात. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला न जाता ते क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडला गेले, आणि तिकडे हॉकीपटूंनी सुवर्णपदक आणले. त्या पहिल्या रणजी सामन्यात मद्रासचे ए. जी. राम सिंग यांनी अकरा बळी घेतले आणि सामना एकाच दिवसात संपला. राम सिंग वर्षानुवर्षे मद्रासचा आधार होते. पण त्यांनाही अधिकृत कसोटी कधीच मिळाली नाही. ते भाग्य त्यांच्या दोन मुलांच्या वाट्याला आले, कृपाल सिंग आणि मिल्खा सिंग यांच्या. आमच्या सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा देवधरांविषयीची त्यांची आस्था एकदम वाढली.

रणजी करंडकाने देवधरांना आणखी एक क्षेत्र मिळाले. या स्पर्धेत संघ धर्मावर नव्हते, प्रांतांवर होते. महाराष्ट्राच्या संघात हिंदू आणि पारशी एकाच टोपीखाली खेळत. पहिल्या दोन वर्षांचा करंडक मुंबईने नेला. मग नवानगर, हैदराबाद आणि बंगाल. महाराष्ट्राकडे मुंबईसारखी मोठमोठ्या क्लबांची रांग नव्हती. पुण्याच्या कॉलेजांतील मुले, आसपासच्या संस्थानांतून आलेले होतकरू खेळाडू, आणि त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा असा प्राध्यापक कर्णधार, एवढेच भांडवल. सांगलीचे विजय हजारे या संघात होते. श्रीरंग सोहोनी होते, जे गोलंदाजीची सुरुवातही करीत आणि धावाही काढीत. नगरवाला हे पारशी खेळाडू होते.

१९३९-४० च्या मोसमात या संघाचे तेज दिसू लागले. पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या; रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक. नवव्या जोडीला नगरवाला त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी २४५ धावा जोडल्या. नववा गडी म्हणजे गोलंदाजाला सुटकेचा निःश्वास टाकावयाची वेळ. तेथे प्रतिपक्षाला एवढा वेळ उन्हात राबविणारी जोडी निघाली. अंतिम सामना पुण्यातच झाला आणि संयुक्त प्रांताच्या संघाला महाराष्ट्राने दहा गडी राखून हरविले. देवधर अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले होते आणि आयुष्यात प्रथमच देशाची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकलेल्या संघाचे ते नायक होते.

परंतु त्यांचा खरा मोसम पुढचा, १९४०-४१ चा. तो काळही ध्यानात घ्यावयास हवा. युरोपात महायुद्ध पेटले होते. इंग्लंडच्या संघाचा १९३९-४० चा ठरलेला दौरा रद्द झाला होता. बाहेरून कोणी येणे नाही, येथून कोणी जाणे नाही. म्हणून देशातील सर्व नामवंत खेळाडूंचे लक्ष देशी स्पर्धांवरच केंद्रित झाले. दुसरीकडे मुंबईच्या पंचरंगी सामन्यांवर वादळ उठले होते. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास महात्मा गांधींना भेटली, आणि धर्मावरून संघ पाडण्याच्या पद्धतीविषयी गांधीजींनी नापसंती दर्शविली. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. अशा वेळी प्रांतांच्या संघांचे सामने हे क्रिकेटचे अधिक निकोप रूप आहे, असे अनेकांना वाटू लागले असल्यास नवल नाही.

त्या मोसमात पुण्याला महाराष्ट्र आणि मुंबई समोरासमोर आले. हा सामना पश्चिम विभागाचा. पण वाचकांनी त्याला अंतिम सामन्याचाच मान द्यावा. मुंबई म्हणजे थोरला शेजारी. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावांचा डोंगर उभा केला. त्यात कर्णधारांच्या स्वतःच्या २४६. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने मुंबईच्या गोलंदाजीसमोर अडीचशेच्या जवळ जावे! प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील त्यांची ही सर्वांत मोठी धावसंख्या. म्हणजे ज्या वयात इतरांची कारकीर्द संपून आठवणी उरतात, त्या वयात त्यांनी आपला उच्चांक गाठला. एवढ्यावर सामना संपला असे कोणीही म्हटले असते. पण मुंबईने हार मानली नाही. खंडू रांगणेकर यांनी २०२ धावा केल्या, आणि मुंबईची धावसंख्या पाचशे, सहाशे अशी चढतच गेली. अनिर्णित सामन्याचा निकाल पहिल्या डावातील आघाडीवर लागतो, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकांची त्या वेळी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. सहाशेच्या पुढे प्रत्येक धाव मोजली जात असणार. मुंबईचा डाव ६५० वर आटोपला. दोन डावांत मिळून १३२५ धावा, आणि अंतर अवघे पंचवीस. ज्येष्ठ शेजाऱ्याला मागे टाकून महाराष्ट्र पुढे गेला.

बाकीच्या सामन्यांत एवढी घालमेल झाली नाही. पश्चिम भारताच्या संघाविरुद्ध सोहोनी यांनी नाबाद २१८ धावा केल्या. त्या मोसमात त्यांनी ६५५ धावा काढल्या, सरासरी १३१. उत्तर भारताच्या संघाविरुद्ध पुण्यात महाराष्ट्राने एका डावात ७९८ धावा केल्या. आठशेला दोन कमी! कर्णधाराची ही पद्धतच होती असे म्हणावयास हरकत नाही: आधी एवढ्या धावा करावयाच्या की समोरच्याला जिंकण्याचा विचार सोडून वाचण्याचाच विचार करावा लागेल. आज वीस षटकांच्या खेळावर पोसलेल्या आमच्या मुलांना हे कंटाळवाणे वाटेल. पण एवढा वेळ बाद न होता खेळत राहणे हे केवळ चिकाटीने होत नाही. त्यासाठी पाय, डोळे आणि डोके तिन्ही शाबूत लागतात.

मग आली दक्षिणेची वारी. पुण्याहून सोलापूर, रायचूर, गुंतकल अशा मार्गाने आगगाडी मद्रासला येते. त्या काळी हा प्रवास आजच्यापेक्षा बराच मंद होता. समोर मद्रासचा संघ, मैदान त्यांच्या घरचे, हवा समुद्राकाठची दमट, आणि प्रेक्षक जाणकार. पोंगलच्या सुमारास युरोपियन आणि भारतीय यांच्यात होणारा प्रेसिडेन्सी सामना वर्षानुवर्षे पाहून तेथील माणसे क्रिकेटची पारखी झालेली होती. तमिळ लोक खेळातल्या गुणांना प्रतिपक्षाचे असले तरी दाद देतात, हा माझाही अनुभव आहे. या अंतिम सामन्यात सोहोनी यांनी शतक केले, आणि महाराष्ट्राने सहा गडी राखून विजय मिळविला. करंडक दुसऱ्यांदा पुण्यास गेला. चेपॉकपासून आपले तंजावर रुळांच्या मार्गाने साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा येथील एखाद्या मराठी घरात मद्रासचे वर्तमानपत्र उघडून कोणी ती बातमी वाचली असेल काय, आणि वाचली असल्यास त्याला आनंद झाला असेल की वाईट वाटले असेल, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. घरात मराठी आणि अंगणात तमिळ बोलणाऱ्या माणसाने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवावयाच्या, याचे उत्तर सोपे नाही.

जाता जाता एक जगावेगळी तुलना मनात येते. त्याच १९४१ साली अमेरिकेत बेसबॉलचा जो मोसम झाला, त्याची आठवण ते लोक आजही काढतात. ज्यो डिमॅजिओ याने सलग छप्पन सामन्यांत फटका साधला, आणि टेड विल्यम्स याची सरासरी चारशेच्या वर गेली. ते सारे पगारी खेळाडू, खेळ हाच त्यांचा व्यवसाय. आमच्या संघाचा नायक मात्र मद्रासहून परतल्यावर पुन्हा मुलांना संस्कृत शिकविणारा.

संघ पुढे तसा राहिला नाही. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले, आणि करंडक मुंबईकडे गेला. युद्ध चालूच होते. देवधरांनी मात्र बॅट खाली ठेवली नाही. १९४४-४५ च्या मोसमात नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके केली, १०५ आणि १४१. पन्नाशी केव्हाच उलटली होती. १९११ साली सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९४८ पर्यंत चालली. एक्क्याऐंशी सामने, ४५२२ धावा, नऊ शतके. एवढ्या वर्षांत सामने एवढेच, कारण तेव्हा ते होतच थोडे. तेवढे सामने त्यांना मिळावयास सदतीस वर्षे लागली.

चेपॉकच्या त्याच मैदानावर १९५२ च्या फेब्रुवारीत भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार होते विजय हजारे. देवधरांच्या १९४१ च्या संघातले. हा योगायोग मद्रासकरांच्याही फारसा ध्यानात नसावा.

नंतरच्या आयुष्यात देवधरांनी खेळाच्या कारभारात लक्ष घातले. महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद, राष्ट्रीय निवड समितीतील काम अशी निरनिराळी कामे त्यांनी केली. ज्यांना वयामुळे निवडले गेले नाही त्यांनी इतरांची निवड करावयास बसणे, यातली खोच त्यांना जाणवली असेलच. घरीही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिघी मुलींनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली, तीही अशा काळात की जेव्हा मराठी घरांत मुलींनी मैदानावर उतरणे ही गोष्ट सहज मानली जात नव्हती. सरकारने १९६५ साली त्यांना पद्मश्री दिली, आणि १९९१ साली पद्मभूषण. विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ मध्ये सुरू झाली. दिवसेंदिवस फलंदाजी करणाऱ्या माणसाचे नाव एका दिवसाच्या सामन्यांना मिळाले, आणि पहिलाच करंडक दक्षिण विभागाने नेला. मद्रासचे देणे असे फिटले, असे आमचे सहकारी म्हणतात.

१९९२ च्या जानेवारीत त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचा संघ पुन्हा एकदा रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. १९७०-७१ साली तो मुंबईकडून हरला होता. या वेळी लुधियान्यात पंजाबकडून हरला. संघाचा एकशे एक वर्षांचा पहिला विजेता कर्णधार तेव्हा पुण्यात हयात होता. २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०१३-१४ मध्ये आणखी एकदा अंतिम सामना आला, तोही कर्नाटकाकडून गमावला. करंडकावर महाराष्ट्राचे नाव शेवटचे कोरले गेले ते मद्रासच्या सामन्यानंतर, १९४१ साली. पुढे अजून नाही.

आमच्या सहकाऱ्यांनी परवा विचारले की, देवधर पुण्याला शिकवीत होते ती संस्कृताची कोणती शाखा, व्याकरण की काव्य? मला सांगता आले नाही. सरस्वती महालात कोणी जाणकार भेटल्यास विचारून पाहू, असे आम्ही ठरविले आहे.